शिश्नाचा कर्करोग : विषाणू आणि पेशीतील निरोप

काही रोग असे आहेत की त्यांचे नाव घेताना माणूस आजही आवाज खाली आणतो. शिश्नाचा, म्हणजे पुरुषाच्या जननेंद्रियाचा, कर्करोग हा त्यांपैकी एक होय. असा रोग होतो हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्याला तो होतो तो बहुधा घरातही बोलत नाही; आणि ज्या लहानशा चट्ट्यावर वेळीच सौम्य उपचार होऊ शकले असते, तो महिनोन्‌महिने कपड्याआड वाढत राहतो. या रोगात रुग्णाचा घात जितका रोगाने होतो तितकाच संकोचाने होतो, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

जगाच्या हिशेबात हा रोग विरळ आहे. २०२० साली जगभरात सुमारे ३६,००० पुरुषांना तो नव्याने झाला आणि सुमारे १३,००० पुरुष त्याने दगावले, असा अंदाज आहे. परंतु हे आकडे सर्वत्र सारखे वाटले गेलेले नाहीत. पश्चिम यूरोप आणि उत्तर अमेरिका येथे एक लाख पुरुषांमागे वर्षाला जेमतेम एखादा रुग्ण आढळतो. इझ्राएलमध्ये तर तो फारच क्वचित दिसतो. याउलट ब्राझीलच्या ईशान्येकडील मारान्याओ हे राज्य, पूर्व आफ्रिकेतील युगांडासारखे देश आणि भारत येथे त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. जगातील एकूण नव्या रुग्णांपैकी पाव हिश्श्याहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील असतात. एकाच अवयवाचा रोग, पण देशपरत्वे त्यात इतका फरक का पडावा? या प्रश्नाचा माग काढत गेलेल्या संशोधकांना एकीकडे विषाणू आणि दुसरीकडे पेशीच्या आतली संदेशवहनाची व्यवस्था यांचा शोध लागला.

जुनी निरीक्षणे

शिश्नाच्या टोकाला शिश्नमुंड आणि त्यावरील सैल कातडीला अग्रत्वचा म्हणतात. या रोगाची सुरुवात बहुतेक वेळा शिश्नमुंडावर किंवा अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला होते. त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींपासून तो उद्भवतो. शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक अर्बुदे याच प्रकारची असतात.

ज्या समाजांत मुलांची सुंता तान्हेपणीच केली जाते त्या समाजांत हा रोग जवळजवळ दिसत नाही, हे वैद्यांच्या फार पूर्वीच ध्यानात आले होते. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींतही हिंदूंच्या मानाने मुसलमानांत तो विरळ आढळे. यावरून अग्रत्वचेखाली साचणारा पांढरट मळ हाच कर्करोगकारक असावा, असा समज रूढ झाला आणि अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतही टिकून राहिला. परंतु पुढील संशोधनात या मळात कर्करोग निर्माण करणारे एखादे द्रव्य असल्याचा पुरावा काही मिळाला नाही.

खरा दोष मळाचा नसून अग्रत्वचा आवळली जाण्याचा आहे, असे आता मानले जाते. काही पुरुषांत ही कातडी इतकी अरुंद असते की ती मागे सरकतच नाही. अशा स्थितीत आतला भाग धुता येत नाही, लघवीचे थेंब अडकून राहतात आणि वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. सुंतेमुळे ही अवस्थाच उद्भवत नाही. याच कारणाने, ज्याची कातडी सहज मागे सरकते आणि जो रोज स्वच्छता ठेवतो अशा सुंता न झालेल्या पुरुषालाही विशेष धोका नसतो. लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकारात कातडी पांढरी पडून आक्रसते. तोही या रोगाची भूमी तयार करतो. तंबाखूची भर पडली की धोका आणखी वाढतो.

एवढे कळले, तरी एक कोडे उरलेच होते. ज्या प्रदेशांत स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो, साधारणपणे त्याच प्रदेशांत पुरुषांना शिश्नाचा कर्करोगही अधिक होतो. या दोन्ही रोगांना जोडणारा दुवा कोणता?

विषाणूचा माग

या दुव्याचा पहिला धागा १८४२ साली इटलीतील व्हेरोना येथे सापडला. तेथील वैद्य रिगोनी-स्टर्न यांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना असे दिसले की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो, पण मठवासी जोगिणींत तो दुर्मीळ आहे. हा रोग लैंगिक संबंधांशी निगडित असावा, अशी सूचना त्यातून मिळत होती. १९११ मध्ये अमेरिकेतील पेटन राउस यांनी कोंबडीतील एक अर्बुद गाळीव रसाच्या द्वारे दुसऱ्या कोंबडीत उत्पन्न करता येते, असे दाखवले. त्या गाळणीतून पेशी किंवा जीवाणू पार होणे शक्य नव्हते. अर्थात अर्बुदाचे कारण विषाणू हेच होते. १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांनी सशांच्या अंगावरील चामखिळीसारख्या गाठी विषाणूमुळे होतात हे सिद्ध केले. हा विषाणू पॅपिलोमा कुळातील होता.

मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे हातापायांवर चामखीळ येते, हे तोवर सर्वांना माहीत झाले होते. हाच विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ असेल, ही जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांची कल्पना मात्र १९७० नंतरच्या दशकात फारशी कोणी मानली नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा कर्करोगातून या विषाणूचा सोळावा प्रकार व पुढच्याच वर्षी अठरावा प्रकार वेगळा काढला. १९८३ च्या त्या शोधनिबंधात शिश्नाच्या कर्करोगाचे मोजकेच नमुने तपासलेले होते. त्यांतही सोळाव्या प्रकाराचा मागमूस लागला. स्त्री आणि पुरुष यांच्या या दोन रोगांना जोडणारा दुवा असा हाती आला. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे अनेक देशांतील नमुन्यांची तपासणी झाली आणि शिश्नाच्या कर्करोगाचे चित्र थोडे वेगळे असल्याचे दिसून आले. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कर्करोगात हा विषाणू सापडतो. शिश्नाच्या कर्करोगात तो सुमारे निम्म्या रुग्णांतच आढळतो आणि त्यांतही सोळावा प्रकार सर्वांत अधिक असतो. उरलेल्या निम्म्या रुग्णांत विषाणूचा हात नसतो. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या रोगाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. त्या समजून घ्यायच्या तर पेशीच्या आत डोकावले पाहिजे.

पाट, दार आणि पाटकरी

त्वचेचा सर्वांत खालचा थर हा पेशींचा कारखाना होय. तेथील पेशी विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, विभागणे थांबवतात, चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात. कोणत्या पेशीने केव्हा विभागावे याचा निर्णय ती स्वतः घेत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. पेशीच्या आवरणावर ग्राही नावाची प्रथिने असतात. वाढीचा निरोप आणणारे द्रव्य ग्राहीला येऊन चिकटले की ग्राहीच्या आतल्या भागात बदल होतो. तो शेजारच्या प्रथिनाला जागे करतो, ते पुढच्याला, आणि असे करीत करीत निरोप केंद्रकातील जनुकांपर्यंत जाऊन पोहोचतो. त्वचेच्या पेशींत ईजीएफआर नावाचा ग्राही महत्त्वाचा असतो. त्याच्यापासून दोन मुख्य मार्ग फुटतात. एक रास या प्रथिनातून जातो व मुख्यतः विभाजनाला चालना देतो. दुसरा पीआय३के या विकरातून जातो व पेशीला वाढण्याचे आणि तग धरण्याचे बळ देतो.

धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. पाणी पाटाने येते, पण ते थेट शेतात शिरत नाही. पाटाला दार असते. पेशीतील हे दार म्हणजे आरबी हे प्रथिन. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या अभ्यासातून त्याचा शोध लागला आणि त्या रोगावरूनच त्याला हे नाव पडले. विभाजनाची जनुके जागी करणाऱ्या ई२एफ या प्रथिनाला आरबी धरून ठेवते. वाढीचा निरोप पुरेसा जोरकस असेल तर सायक्लिन व त्याचे जोडीदार विकर मिळून हे दार उघडतात. मग ई२एफ मोकळे होते आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. गरज नसताना दार उघडू नये म्हणून पी१६ हे प्रथिन या जोडीदार विकरांना रोखून धरते. दार बंद ठेवण्याचा तो जणू हुकूमच होय.

आणि प्रत्येक पाटावर पाटकरी असतोच. पेशीतील पाटकऱ्याचे नाव पी५३. जनुकद्रव्य, म्हणजे डीएनए, कोठे तुटले-फुटले आहे काय, यावर त्याचे लक्ष असते. बिघाड दिसला की तो विभाजन थांबवतो व दुरुस्तीला अवसर देतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरण पत्करायला लावतो. दार मोडलेले आणि पाटकरीही नाहीसा झालेला, असे दोन्ही एकदम घडले तर शेताचे जे होते तेच पेशीचे होते.

विषाणूची वाट

मानवी पॅपिलोमा विषाणू अत्यंत साधा आहे. सुमारे आठ हजार अक्षरांचे एक वर्तुळाकार जनुकद्रव्य आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. मानवी पेशीत अशी अक्षरे तीन अब्जांहून अधिक असतात, हे पाहिले म्हणजे या पाहुण्याचा लहानपणा लक्षात येतो. स्वतःच्या प्रती काढण्याची यंत्रसामग्री त्याच्याजवळ नसते. कातडीला पडलेल्या सूक्ष्म भेगांतून तो सर्वांत खालच्या थरातील पेशीत शिरतो. या पेशी वर सरकताना विभागणे थांबवतात आणि त्यांची यंत्रसामग्री बंद पडते. नेमक्या याच वेळी विषाणूला ती हवी असते. म्हणून थांबलेल्या पेशीला पुन्हा कामाला जुंपणारी दोन प्रथिने त्याच्यापाशी असतात : ई६ आणि ई७.

ई७ दारावर घाला घालते. ते आरबीला चिकटते, ई२एफला त्याच्या पकडीतून सोडवते आणि आरबीला नाशाकडे ढकलते. ही गोष्ट १९८९ मध्ये उघडकीस आली. बाहेरून निरोप नसतानाही दार उघडे पडते. अशी अवेळी झालेली हालचाल पाहून पी५३ने पेशीला मारले असते. परंतु तेथे ई६ पुढे सरसावते. पेशीचे निकामी प्रथिनांवर नाशाची खूण लावणारे एक विकर असते. ई६ त्याला हाताशी धरते आणि ती खूण धडधाकट पी५३वर लावविते. मग पेशीच आपल्या पाटकऱ्याची विल्हेवाट लावते. हे १९९० मध्ये सिद्ध झाले. याखेरीज ई५ नावाचे प्रथिन ईजीएफआर ग्राहीला आवरणावर अधिक काळ टिकवून ठेवते, म्हणजे पाटाचे पाणीही वाढवते.

येथे गैरसमज होऊ नये. या विषाणूची लागण ही अतिशय सामान्य गोष्ट आहे आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत तो नाहीसा होतो. थोड्यांच्याच बाबतीत तो चिकटून राहतो, आणि त्यांतल्याही थोड्यांत पुढचा अपघात घडतो. हा अपघात असा की, विषाणूचे वर्तुळ तुटते आणि त्याचा तुकडा पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. ई६ आणि ई७ यांना एरवी लगाम घालणारे ई२ हे जनुक या तोडफोडीत बहुधा निकामी होते. मग ही दोन प्रथिने बेसुमार तयार होऊ लागतात. विशेष म्हणजे अशा तुटक्या विषाणूला नवी संतती निर्माण करता येत नाही. कर्करोगात विषाणूचा काहीच लाभ नसतो. तो त्याच्याही वंशाचा शेवट असतो.

यापुढे पाटकऱ्याविना चालणारे विभाजन दर खेपेस नव्या चुका साठवत जाते. चामखिळीसारखा उंचवटा, किंवा १९११ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ केरा यांनी वर्णिलेला लाल, मखमली चट्टा, अशी त्याची पहिली रूपे असतात. रोग या वेळी त्वचेच्या वरच्या थरापुरताच असतो. तो खाली उतरायला बहुधा अनेक वर्षे लागतात.

विषाणूविना होणारा रोग

दुसरी वाट संथ दाहाची आहे. आवळलेली अग्रत्वचा किंवा लायकेन स्क्लेरोसस यांमुळे त्या जागी वर्षानुवर्षे दाह असतो. दाहक पेशी जी द्रव्ये सोडतात त्यांनी एकीकडे जनुकद्रव्याला इजा होते आणि दुसरीकडे जखम भरून काढण्याचे, म्हणजे विभागण्याचे, निरोप अखंड येत राहतात. तंबाखूतील द्रव्ये या हानीत भर घालतात. इजा झालेल्या पेशी वारंवार विभागल्या की उत्परिवर्तने साचतात.

या वाटेवर पाटकरी विषाणूच्या हातून मारला जात नाही. पी५३चे जनुकच बिघडते. दार मोडले जात नाही. ते बंद ठेवण्याचा हुकूम देणारे पी१६चे जनुक नष्ट होते किंवा मुके होते. ईजीएफआर ग्राहीची संख्या पुष्कळदा वाढलेली आढळते. काही अर्बुदांत रास किंवा पीआय३के यांच्या जनुकांत असा बदल होतो की ती प्रथिने निरोपाची वाट न पाहता सतत चालूच राहतात. साधने निराळी, पण परिणाम एकच : दार उघडे आणि राखण नाही.

यातूनच निदानाची एक उपयुक्त युक्ती मिळाली आहे. विषाणूने दार मोडलेल्या पेशीत ‘दार बंद ठेवा’ हा हुकूम वारंवार सुटत राहतो, पण अंमल होण्यास दारच नसते. त्यामुळे पी१६ पेशीत साचत जाते. विषाणूविना झालेल्या रोगात हुकूमच सुटत नाही. म्हणून अर्बुदाच्या पातळ कापावर पी१६ दाखवणारे रंजक घातले की पहिल्या प्रकारातील पेशी गडद रंगतात आणि दुसऱ्यातील कोऱ्या राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ व २०२२ मधील वर्गीकरणांत शिश्नाच्या कर्करोगाचे विषाणूसंबद्ध आणि विषाणूनिरपेक्ष असे दोन विभाग केले आहेत, ते याच ज्ञानाच्या आधारे.

निदान आणि उपचार

पेशीतील या सर्व घडामोडी रुग्णाला दिसत नाहीत. त्याला दिसतो तो न भरणारा व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, गाठ, रक्तमिश्रित अथवा दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा पूर्वी मागे सरकणारी पण आता न सरकणारी कातडी. अशी खूण तीन-चार आठवड्यांत गेली नाही तर तपासणी आवश्यक आहे. निदान पक्के होते ते लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानंतरच.

रोग वरच्या थरात असताना मलमाच्या रूपातील औषधे, लेसर किंवा मर्यादित शस्त्रक्रिया यांनी भागते व अवयव वाचतो. खोलवर गेलेल्या रोगात मात्र अवयवाचा काही भाग, क्वचित संपूर्ण अवयव, काढावा लागतो. पसरताना हा रोग प्रथम जांघेतील लसीका ग्रंथींत जातो. हाताला गाठ न लागणाऱ्या रुग्णांपैकीही सुमारे पाचव्या हिश्श्यात तो तेथे सूक्ष्म स्वरूपात पोहोचलेला असतो. सर्वच रुग्णांच्या ग्रंथी काढाव्यात तर अनेकांना पायांच्या सुजेचा त्रास विनाकारण सोसावा लागतो. १९७७ मध्ये शल्यचिकित्सक रेमॉन कबानास यांनी याच रोगाच्या संदर्भात असे सुचवले की, रोग जिथे प्रथम थांबतो ती पहारेकरी ग्रंथी आधी तपासावी. ती निर्मळ असेल तर पुढची शस्त्रक्रिया टाळता येईल. या कल्पनेला पुढे स्तनाच्या आणि त्वचेच्या कर्करोगात मोठी मान्यता मिळाली. एका दुर्लक्षित रोगाने वैद्यकाला दिलेली ही देणगी होय.

ग्रंथींपर्यंत पोहोचण्यापूर्वी उपचार झालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. दूरवर पसरलेल्या रोगात मात्र रासायनिक औषधांचे यश मर्यादित आहे. ईजीएफआर ग्राहीला रोखणारी औषधे काही रुग्णांना देऊन पाहिली आहेत. त्यांचा गुण काहींनाच आला. एक पाट अडवला तरी पाणी दुसऱ्या पाटाने वाहते, हे त्याचे एक कारण होय.

प्रतिबंध

ज्या रोगाच्या दोन्ही वाटा ठाऊक आहेत त्या दोन्ही अडवता येतात. विषाणूच्या वाटेवर लस आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर व जियान झोऊ यांनी विषाणूच्या कवचातील प्रथिनांपासून पोकळ कण तयार केले. त्यांत जनुकद्रव्य नसल्याने त्यांपासून लागण होत नाही, पण शरीर त्यांना विषाणू समजून प्रतिकारद्रव्ये निर्माण करते. या तत्त्वावरील पहिल्या लसीला २००६ मध्ये मान्यता मिळाली. अठरा देशांतील सुमारे चार हजार मुलगे व तरुण यांच्यावरील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही लस जननेंद्रियावरील चामखिळींना प्रतिबंध करते असे दिसले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने मुलग्यांनाही राष्ट्रीय कार्यक्रमातून लस देणे सुरू केले. भारतात पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ मध्ये परवाना मिळाला. नऊ ते सव्वीस वर्षे वयाच्या मुली आणि मुलगे या दोघांसाठीही तो आहे. लागण होण्यापूर्वी टोचली तरच लसीचा पुरा उपयोग होतो. झालेला रोग ती बरा करीत नाही.

दुसऱ्या वाटेवर लस नाही, पण तिची गरजही नाही. रोजची स्वच्छता, आवळलेल्या अग्रत्वचेवर वेळीच उपचार, पांढऱ्या पडलेल्या कातडीची तपासणी आणि तंबाखूचा त्याग, एवढ्याने ती बरीचशी बंद होते. यांत महागडे असे काही नाही. ज्या घरात न्हाणीला पाणी आणि आडोसा आहे, ज्या मुलाला आपल्या शरीराची निगा कशी राखावी हे वडीलधाऱ्यांनी न लाजता सांगितले आहे, त्या घरात या रोगाला शिरकाव मिळणे कठीण असते.

पेशीतील निरोपांची भाषा शास्त्रज्ञांना उलगडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. रोगाचा पहिला निरोप मात्र कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय रुग्णाला मिळतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतो. तो वेळीच वैद्यापर्यंत पोहोचवणे हा या रोगावरील पहिला उपचार होय.